पन्नास रुपयांचे वाटेकरी

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने दाखल्यांचं सेवा शुल्क २० रुपयांवरून ५० रुपये केलं. एकदम अडीचपट. पेट्रोल चाळीस पैशांनी वाढलं तर पंपावर तावातावाने चर्चा होते, दूध दोन रुपयांनी वाढलं तर घरात पाहुण्यांना चहाऐवजी सरबत सुचवलं जातं. पण दाखला अडीचपट महागला तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात कोणी हूं की चूं केलं नाही. मोर्चा निघाला नाही, निवेदन गेलं नाही, तहसीलदारांना निवेदन देतानाचा तो अर्धवर्तुळातला फोटोही कोणी काढला नाही. याचं कारण कोणालाही विचारा. वीस रुपये देतच कोण होतं? कोणी शंभर देत होतं, कोणी दीडशे, आणि ज्याच्या पोरीच्या प्रवेशाची मुदत उद्या संध्याकाळी संपते तो तीनशे देऊन वर ‘उपकार झाले’ म्हणत होता. जो दर कधी कोणाला लागलाच नाही, तो वाढला म्हणून रडायचं कोणी?

मला शासन निर्णय वाचायची खोड आहे. घरात तिला व्यसन म्हणतात, पण तंबाखूपेक्षा स्वस्त पडतं म्हणून चालवून घेतात. शासन निर्णयाचं पहिलं वाक्य साधारण पाऊण पान चालतं, त्यात कर्ता सापडत नाही, आणि ‘बाब शासनाच्या विचाराधीन होती’ इथवर आलं की वाचणाऱ्याने खुशाल पाणी पिऊन यावं. परत येईपर्यंत बाब विचाराधीनच असते. या दरवाढीच्या निर्णयात मात्र एक हिशेब होता आणि तो मी दोनदा वाचला. आपण दिलेल्या ५० रुपयांपैकी अडीच रुपये राज्य सेतू केंद्राला जातात. पाच रुपये जिल्हा सेतू सोसायटीला. दहा रुपये महाआयटी या सरकारी महामंडळाला. उरलेले साडेबत्तीस आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला. या पन्नासवर १८ टक्क्यांनी ९ रुपये जीएसटी आणि अर्जावरच्या तिकिटाचे १० रुपये. एकूण ६९.

यातला जीएसटी मला फार आवडतो. ९ रुपयांतले साडेचार केंद्राचे आणि साडेचार राज्याचे. म्हणजे राज्याने राज्याचा कागद देण्यासाठी राज्याच्या महामंडळामार्फत शुल्क घ्यायचं आणि त्या शुल्कावर राज्यानेच राज्याचा कर लावायचा. आमच्या भाऊजींनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “बरोबर आहे. सेवा दिली की कर.” मी विचारलं, “सेवा कोणी कोणाला दिली?” त्यावर त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पूर्वी ही बेरीज ३३ रुपये ६० पैसे होत असे. २० सेवा शुल्काचे, ३.६० त्यावरच्या कराचे, १० तिकिटाचे. आमच्याकडच्या केंद्राच्या भिंतीवर कितीतरी वर्षं हा आकडा लटकत होता, आणि त्या साठ पैशांमुळेच सगळा बिघाड झाला असं माझं ठाम मत आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशाचं नाणं कायद्याने चालतं, पण भाजीवाल्याला ते दाखवून बघा. आता उरलेल्या नाण्यांतून साठ पैसे करून दाखवा. होत नाहीत. महाराष्ट्र सरकारने वर्षानुवर्षं आपल्या नागरिकांकडे अशी रक्कम मागितली, जी रोखीने देणं भारतीय चलनात अशक्य होतं. म्हणून मग चौतीस. चौतीस कशाला, पस्तीस द्या. पस्तीसला सुट्टे नाहीत, चाळीस द्या. चाळीसच्या जागी पन्नासची नोट निघते, आणि पन्नासची नोट निघाली की तिच्यामागून शंभरची निघायला वेळ लागत नाही. केंद्र सरकारने दहा पैशांचं नाणं चालू ठेवलं असतं तर ग्रामीण महाराष्ट्रातला निम्मा भ्रष्टाचार उगवलाच नसता.

आता हा दाखला म्हणजे काय, तेही बघा. जून महिना आहे. भाचीला प्रवेश हवा आहे, फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. दाखला मागणारं कॉलेज सरकारमान्य, सवलत देणारा विभाग सरकारी, दाखला देणारा तहसीलदार सरकारी. तहसीलदाराला भाचीच्या वडिलांचं उत्पन्न माहीत नसतं, म्हणून तो तलाठ्याचा अहवाल मागतो. तलाठ्यालाही ते माहीत नसतं, म्हणून तो भाचीच्या वडिलांनाच विचारतो. वडील जे सांगतात ते तलाठी लिहितो, तलाठ्याने लिहिलं ते तहसीलदार मानतो, आणि तहसीलदाराने मानलेलं वडिलांना ६९ रुपयांना मिळतं. आपलंच म्हणणं आपल्याला विकत घ्यावं लागतं, फक्त त्यावर क्यूआर कोड असतो. मग तो कागद घेऊन आपण सरकारच्या एका खोलीतून निघतो आणि सरकारच्याच दुसऱ्या खोलीत नेऊन देतो. या हमालीचे पैसे हमालाला मिळायला हवेत, पण इथं ते हमालच भरतो.

‘आपले सरकार’ पोर्टल आलं ते हे सगळं थांबवायला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये झाला आणि सेवा मिळणं हा उपकार नसून हक्क आहे, असं कागदावर आलं. हे मी थट्टेने म्हणत नाही. कायदा चांगला आहे, त्यात मुदत आहे, अपील आहे, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही आहे. त्याआधी तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, अर्ज लिहून देणारे बसत. पुढ्यात लोखंडी टेबल, कार्बन पेपर, शाई वाळलेलं स्टॅम्पपॅड आणि ‘मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी’ अशी सुरुवात पाठ झालेला हात. ऑनलाइन झालं की मधला माणूस जाईल, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं गेलं. मधला माणूस खरंच कडुनिंबाखालून गेला. तो समोरच्या गाळ्यात गेला. तिथं त्याला सरकारने लॉगिन दिलं, ओळखपत्र दिलं, मुख्यमंत्र्यांच्या फोटोचा फलक दिला आणि वर पन्नासातले साडेबत्तीस दिले. एवढ्या सन्मानाने जगात कुठल्याही मध्यस्थाचं उच्चाटन झालं नसेल.

‘घरबसल्या अर्ज करा,’ असं पोर्टल सांगतं आणि ते खोटं नाही. नागरिकाला स्वतःचं लॉगिन काढता येतं. मी काढलेलं आहे. फक्त तिथं फोटो लागतो तो १६० पिक्सेल रुंद आणि ५ ते २० केबीच्या मापाचा. आजच्या फोनने काढलेला साध्या डासाचा फोटोसुद्धा तीन एमबीचा असतो, त्यामुळे माणसाला वीस केबीत बसवायचं तर चेहऱ्यावरचं बरंच काही सोडून द्यावं लागतं. कागदपत्रांचं माप आणखी मजेचं: कमीत कमी ७५ केबी, जास्तीत जास्त ५००. जास्तीत जास्त समजू शकतो, सरकारी कपाटात जागा कमी असते. पण कमीत कमी? आधार कार्डाची फाइल ६८ केबीची निघाली तर पोर्टल ती नाकारतं. नागरिक खरा, आधार खरं, पण वजन भरत नाही. मग ती फुगवायची. गावात ‘साइज कमी करून मिळेल’ असे फलक होतेच, आता ‘कमी-जास्त करून मिळेल’ असे लागले आहेत. दर २० रुपये. या वीस रुपयांना मात्र वाटेकरी नाहीत, त्यावर जीएसटी नाही आणि त्यासाठी शासन निर्णयही निघालेला नाही. राज्यातला सर्वांत सुटसुटीत शुल्क आकार म्हणून मी याच्याकडे बोट दाखवीन.

एवढं करूनही रात्री अकराला पैसे भरायच्या पानावर गोल फिरायला लागतं, खात्यातून रक्कम जाते, पोर्टलला ती पोचत नाही, आणि ‘कृपया मागे जाऊ नका’ असं लिहिलेल्या पानावर माणूस तिष्ठत राहतो. मागे जायचं नाही असं सांगितलेलं असतं, पुढे जाता येत नाही. सकाळी तो मुकाट्याने केंद्राची पायरी चढतो.

जूनमधलं केंद्र हे बघण्यासारखं ठिकाण आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन संगणक, एक प्रिंटर, त्यावर नारळ फोडल्याचं कुंकू. दरफलक लावणं बंधनकारक आहे आणि तो लावलेलाही असतो, झेरॉक्स मशीनच्या मागे. केंद्रचालक पंचविशीचा. तो एका कानाने ओटीपी ऐकत असतो आणि दुसऱ्याने शिव्या. समोर एक मावशी बसलेल्या, त्यांचा मोबाइल मुलाकडे पुण्यात, म्हणजे ओटीपी पुण्यात. मुलगा मीटिंगमध्ये. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते, पुन्हा मागवला की मुलगा पुन्हा मीटिंगमध्ये. माझी पाळी आली तेव्हा मी फलकाकडे मान वाकडी करून म्हटलं, “६९ ना?”

“ते सरकारचे, काका.”

“त्यात तुझे साडेबत्तीस आहेत की.”

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. इतक्या नेमक्या आकड्याने त्याच्याशी आजवर कोणी बोललं नसावं. मग म्हणाला, “साडेबत्तीसात काय येतंय? द्या तुम्हाला काय वाटेल ते.”

‘काय वाटेल ते’ हा मराठी व्यवहारातला सर्वांत महाग दर आहे. पण त्या पोराचं गणित मी नंतर बसून मांडलं, आणि ते मांडल्यावर त्याच्यावर रागावणं अवघड झालं. दिवसाला वीस दाखले केले तर त्याचे साडेसहाशे रुपये. वीस दाखले जूनमध्ये होतात. भाद्रपदात दोन होतात. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट, शाई, कागद, आणि आठवड्यातून एकदा प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद काढणाऱ्याची मजुरी. एका अर्जाला कागद तपासणं, स्कॅन करणं, केबी बसवणं, मावशींच्या मुलाला मीटिंगमधून बाहेर काढणं, आणि दिवसा सर्व्हर बसला म्हणून रात्री साडेअकराला उठून अर्ज सोडणं, हे सगळं येतं. दर ठरवणाऱ्याने मंत्रालयात बसून कल्पना केली असणार की दाखला म्हणजे एक कळ दाबणं. कळ दाबण्याचे साडेबत्तीस रुपये भरपूर झाले. बाकीच्या कामाचा दर सरकारने लिहिलाच नाही, म्हणून तो पोराने लिहिला. खोटं सांगत नाही, त्याचा दर मला सरकारच्या दरापेक्षा वास्तववादी वाटतो. फक्त तो गरिबाला आणि अडलेल्याला जास्त लागतो, आणि तिथंच तो वाईट आहे.

पोर्टलचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाला आपल्या राज्याने आजवर निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. २०१० मध्ये महाऑनलाइन नावाची कंपनी निघाली. तिच्यात टाटा कन्सल्टन्सीचे ७४ टक्के आणि सरकारचे २६. म्हणजे सरकारच्या खिडकीत सरकार अल्पसंख्याक. पुढे स्वतःचं महामंडळ आलं, त्याचा वाटा आपण वर पाहिलाच.

पण सगळ्यांत रंगतदार उत्तर ग्रामपंचायतींनी भरलं. गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याला १२ हजार ३३१ रुपये द्यायचे, असं ठरलं. शेवटचा तो एकतीस बघा. बारा हजार म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं, ‘कशाचे?’ १२,३३१ म्हटल्यावर वाटतं, कोणीतरी नक्की हिशेब केला असणार. हा पैसा गावातून जिल्हा परिषदेत, तिथून हे काम दिलेल्या कंपनीकडे, आणि कंपनीकडून मानधन होऊन गावातल्या संगणक परिचालकाकडे परत येई. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं तसं ते मिळे: उशिरा आणि निम्मं. बारा हजार तीनशे एकतीस निघाले की परिचालकाच्या हातात सहा हजार पडत, तेही महिनोन्‌महिने थांबून. बाकीचे प्रशिक्षण, साहित्य, देखभाल वगैरे मथळ्यांखाली मुरत. या पोरांनी आझाद मैदानावर कितीदा तरी उपोषणं केली. राज्याच्या डिजिटल क्रांतीचे जे सैनिक, ते क्रांतीच्या पगारासाठी दरसाल मंडपात बसलेले असत. गावचा सरपंच मात्र एका गोष्टीवर खूश होता: पैसा परस्पर कापला जात असल्यामुळे निदान ठरावावर भांडण होत नसे.

पोर्टलचा खर्च व्यवहारागणिक काढून घ्यायची ही कल्पना आपलीच आहे असं नाही. अमेरिकेतल्या कान्सास राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच शक्कल काढली होती. सरकारने पोर्टलला दमडी द्यायची नाही, कंपनीने ते बांधून चालवायचं आणि व्यवहारामागे थोडं थोडं काढून घ्यायचं. ती युक्ती एकामागून एक राज्यांनी उचलली, कंपनी वाढत गेली, आणि २०२१ मध्ये टायलर टेक्नॉलॉजीज या दुसऱ्या कंपनीने तिला सुमारे २३० कोटी डॉलर देऊन विकत घेतलं. सुट्ट्या पैशांतून केवढा वाडा उभा राहतो, हे त्यावरून कळतं. पण त्यांच्यात नि आपल्यात एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. तिथं मोठं उत्पन्न यायचं ते विमा कंपन्यांकडून. कोण गाडी कशी चालवतो याच्या नोंदी त्या पैसे मोजून घ्यायच्या. पैसेवाल्याने गरजेपोटी भरलेल्या फीवर साध्या माणसाची खिडकी चालायची. आपल्याकडे खिडकी चालते ती बारावी पास झालेल्या पोरीच्या आईच्या पिशवीतल्या पैशांवर.

फुकट किंवा जवळजवळ फुकट असलेल्या गोष्टींची मौज आणखी वेगळी. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, हप्त्यातला त्याचा बाकीचा वाटा राज्याने. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला विमा कंपनी अर्जामागे ४० रुपये देणार होती, म्हणजे शेतकऱ्याने एका रुपयावर काही द्यायचंच नव्हतं. एका रुपयाचा व्यवहार करायला चाळीस रुपये, इथंच जाणकारांच्या पोटात गोळा यायला हवा होता. केंद्रावर मात्र शंभर घेतल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. आमचे चुलत सासरे कोरडवाहू शेतकरी. त्यांनी शंभर दिले आणि एक रुपया वेगळा काढून दिला. का, विचारलं तर म्हणाले, “एक रुपया विम्याचा. शंभर एक रुपया भरायचे.” पुढे बोगस अर्जांचा एवढा गाजावाजा झाला की २०२५ च्या खरिपापासून ही एक रुपयाची योजनाच गेली. सासऱ्यांचं म्हणणं असं की महाग पडत होती म्हणून गेली, आणि ते खरंही आहे, फक्त कोणाला महाग पडत होती यावर ते आणि शासन यांचं एकमत नाही.

लाडकी बहीण योजनेत तरी सरकारने शहाणपणा केला होता. अर्ज भरणाऱ्या अंगणवाडी सेविकेला मंजूर अर्जामागे ५० रुपये सरकारच देणार, बहिणीने काही द्यायचं नाही. बहिणींकडून पैसे घेतल्याच्या तक्रारी तरीही आल्याच. आपल्याकडे फुकट फॉर्मवर लोकांचा विश्वास बसत नाही. पन्नास दिले की तो भरला गेल्यासारखा वाटतो.

मुद्रांकाची कथा तर इतिहासाच्या पुस्तकात घालावी अशी. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने माफ झालं. माफ! त्यानंतर वीस वर्षं लोक रांगा लावून शंभरचा स्टॅम्प घेत राहिले, अधिकारी मागत राहिले, आणि मुद्रांक विक्रेते दुपारी बारालाच ‘संपले’ म्हणत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आला, तेव्हा बोंब उठली. मग मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागणार नाही. वर्तमानपत्रांत ‘विद्यार्थ्यांना दिलासा’ असे मथळे आले. वीस वर्षांपूर्वी दिलेला दिलासा पुन्हा दिला आणि लोकांनी पुन्हा आभार मानले.

सगळंच वाईट आहे असं म्हणणार नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरी बसून निघतो, आणि मला विचाराल तर राज्याच्या ऑनलाइन कारभारातली ही सर्वांत सरळ गोष्ट आहे. नुसता बघायचा असेल तर फुकट, सहीचा हवा तर पंधरा. मधे कोणी नाही. महावितरणचं तर आणखी भारी. कागदी बिल नको म्हणून सांगितलं की ते बिलात दहा रुपये सूट देत. कागद वाचला, माणूस वाचला, त्याचा वाटा ग्राहकाला. उलटा हिशेब! मी मनात हा नियम दाखल्याला लावून पाहिला. मी तहसीलमध्ये गेलो नाही, कारकुनाचा वेळ घेतला नाही, कागद माझा, शाई माझी, टंकलेखनही मीच केलं, तर सरकारने मलाच दहा रुपये द्यायला हवेत. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आणि उठून गेले.

नोकरभरतीच्या पोर्टलचं काय बोलावं? २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या गटाला अर्जाची फी १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० होती. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांवर. गुणाकार वाचकांनी करावा, मला शून्यं मोजताना धाप लागते. ज्यांच्याकडे पगार नाही अशांकडून एवढी रक्कम जमा करणं, हे कोणत्याही कर खात्याला आजवर साधलेलं नाही.

एवढं सगळं लिहून मी ५० रुपयांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. संगणकाला वीज लागते, सर्व्हरला खोली लागते, केंद्रचालकाला पोट आहे. पोर्टलला पैसा लागणारच. माझं म्हणणं एवढंच की जो कागद सरकारच मागतं आणि सरकारच देतं, त्याचा खर्च तिजोरीने सोसावा. समाजकल्याण विभागाने तहसीलकडून आतल्या आत माहिती घ्यावी, आमच्या भाचीच्या आईला मधे दूत म्हणून पळवू नये. ही सगळी खाती एकाच पोर्टलवर शेजारी शेजारी नांदतात. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला ६९ रुपये आणि एक रिक्षा लागू नये. आणि शुल्क घ्यायचंच असेल तर ते पासपोर्टाएवढा खर्च करू शकणाऱ्याकडून घ्यावं, बांधकामाचे, व्यवसायाचे परवाने काढणाऱ्याकडून घ्यावं. केंद्रचालकाला त्याच्या खऱ्या कामाचा खरा दर द्यावा आणि तो झेरॉक्स मशीनच्या पुढे लावावा. हे होईल तेव्हा होईल.

तोवर काही उपयोगाच्या गोष्टी सांगतो. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. म्हणजे नवा काढायचा तो एप्रिलमध्ये. तेव्हा केंद्रात गर्दी नसते आणि ‘निकड’ नावाचं शुल्क लागत नाही. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत तो मिळायला हवा. नाही मिळाला तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, तेही त्याच पोर्टलवर. नॉन-क्रिमीलेअरला प्रतिज्ञापत्राचं शुल्क धरून बेरीज १२८ होते, तेव्हा तिथं ६९ साठी भांडू नका, हराल. आणि पैसे दिल्यावर पावती मागा. मागितली तर मिळते, आणि तिच्यावर दराचा आकडा छापलेला असतो.